मूकपटात तू काय बोललीस

ओबरग्रुंड, सोमवार, ७ नोव्हेंबर १९२७

सेल्मा,

तुला तोंड आवरता येत नाही हे तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मला माहीत आहे, पण ते तू भिंतीएवढ्या पडद्यावर उघडशील असं काही वाटलं नव्हतं. सात वर्षांत माझं हे दुसरं पत्र. पहिलं आई गेल्याचं होतं, त्याला तू उत्तर दिलं नाहीस. याला दे. गरज माझी आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकते.

काल दुपारी खालच्या खानावळीच्या हॉलात तुमचा तो सिनेमा दाखवला. आणला मीच. मी आता कामगार संघटनेच्या महिला शाखेची अध्यक्ष आहे, तुला कुणी कळवलं नसेल. ब्रेस्लाउच्या कचेरीला मी तीन पत्रं लिहिली, की विणकरांच्या उठावाचा सिनेमा अख्ख्या जर्मनीत फिरतोय आणि ज्यांच्या आजोबांनी तो उठाव केला त्यांनाच तो दिसत नाही, हा कुठला न्याय? पाठवला त्यांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हॉल गच्च भरला होता. म्हातारे चर्चचे काळे कोट घालून आले होते. झेलिगर आठवतो ना, आपला चिटणीस? त्याला आता काडीचं ऐकू येत नाही, पण तो उठावात असलेल्या त्याच्या आजोबांची तसबीर काखेत मारून आला. "त्यांनाही बघू दे," म्हणाला, आणि तसबीर शेजारच्या खुर्चीवर ठेवली. शाळेचे मास्तर जीव तोडून पियानो बडवत होते. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेली माणसं आम्ही, ऐकणार कोण डोंबल?

आता मला सांग, तुमची ती नायिका धोटा कसा टाकते गं? कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा! एका हातानं टाकते आणि त्याच हातानं परत घ्यायला जाते. ताणा उलटा भरलेला. उपासमारीनं मरायला टेकलेल्या बायकांचे दंड बघितलेस का? आणि तू तिथे गर्दीत उभी होतीस ना? सांधणीवाली तू, तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी, तुला एक शब्द बोलावासा वाटला नाही? नको तिथे मात्र बोललीस.

बरं, तेही चालवून घेतलं असतं. पण मग गर्दी तोंडं उघडायला लागली. आपल्या दरीतलं माणूस चौदाव्या वर्षी गिरणीत शिरलं की सहा महिन्यांत ओठ वाचायला लागतं, नाहीतर दिवसभर बोलायचं कसं? हे तुला सांगायला नको, पण तुमच्या त्या दिग्दर्शकाला कुणीतरी सांगायला हवं होतं. एक दाढीवाला शिपायांसमोर मूठ उगारून डोळे गरगरा फिरवत ओरडतो. खाली पाटी येते, "स्वातंत्र्य किंवा मरण!" आणि तो म्हणत काय असतो? "गुरुवारी शर्यतीला येतोस का? तपकिरी घोडीवर लाव." एक बाई मेलेलं मूल छातीशी धरून म्हणते, "आज पुन्हा कोबीच आहे जेवायला." दुसरी म्हणते, "माझा बूट चावतोय गं." आमचा हॉल हसून लोळायला लागला. मास्तरांना कळेना, ते आणखीच करुण वाजवायला लागले. झेलिगर रागानं लाल. शेवटी त्यानं तसबीर उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

आणि मग तू आलीस. फाटकासमोर, डोक्यावर शाल, एकटीचा चेहरा, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हसणारे सगळे पुढे वाकले. तुला ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. तू सरळ आमच्याकडे बघून बोललीस, सावकाश, ओठ पूर्ण उघडून, आई बोलायची तशी:

"मागच्या फाटकातून आत मी गेले नव्हते."

पुढे एक नाव. "गेली होती. मी गप्प बसले."

लगेच पाटी: "आमच्या लेकरांना भाकरी द्या!"

झेलिगरनं माझा दंड असा धरला की अजून काळानिळा आहे. "मीने!" म्हणाला. मी दाराकडे बघितलं. मग पुढे म्हणाला, "मीने, पाहिलंस ना? तो संप फोडणारी तुझी बहीण नव्हतीच! बीने! ती म्हणाली, बीने गेली होती!"

मागून कुणीतरी तेच म्हणालं. मग सगळेच म्हणायला लागले. बीने चौथ्या रांगेत तिच्या नवऱ्याशेजारी, ऑस्वाल्डशेजारी, बसली होती. ती मघाच्या कोबीवर हसत होती, ते हसू तसंच तोंडावर राहिलं होतं.

म आणि ब ओठांवर एकच दिसतात. दोन्हीला ओठ मिटतात आणि उघडतात, आवाज नसेल तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता यायचा नाही. गिरणीत याच्यावरून दिवसाला दहा घोटाळे होतात. कालच्या हॉलात दोनशे माणसांना हे ठाऊक होतं आणि एकालाही आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

तर तू आता असं करायचं. संघटनेच्या नावानं चार ओळी लिहायच्या, की दिग्दर्शक म्हणाला काहीही बोला, म्हणून मी तोंडाला येईल ते बडबडले, त्यात कुणाचंच नाव नव्हतं. त्या शर्यतवाल्यानं केलं तसं. म्हणजे बीनेही सुटेल आणि बाकी कुणाला त्रास नको. उलट टपाली उत्तर दे.

मीने


ओबरग्रुंड, १६ नोव्हेंबर, प्रायश्चित्ताचा बुधवार

सेल्मा,

नऊ दिवस झाले. बर्लिनला टपाल बैलगाडीनं जातं का?

तुझ्या गप्प बसण्यानं इथे काय चाललंय ते ऐक. लोकांनी सिनेमा पुन्हा मागितला. कारण काय, तर उठावाचा अभ्यास करायचाय! रविवारी पुन्हा लावला. या वेळी वरच्या गावातलेही आले, सुताच्या बाजाराला यावं तसे डबे बांधून. मशीनवाल्याला सांगून ठेवलेलं, त्यानं तुझ्या जागी चाक हळू फिरवलं. तू अगदी सावकाश बोललीस आणि सगळा हॉल तुझ्याबरोबर ओठ हलवत बोलला. बीने गेली होती. तुझा भाग संपल्यावर अर्धे लोक उठून घरी गेले. उठावाचं पुढे काय झालं ते बघायलासुद्धा थांबले नाहीत.

बीने आली नव्हती. यायची कशी? पाववाली तिला सगळ्यात शेवटी पाव देते, कालचा. गिरणीत तिच्या कांड्या कुणीतरी पाण्यात बुडवून ठेवतं, मग सूत तुटतं आणि मुकादम तिला झापतो. सोमवारी सकाळी तिच्या दाराच्या कडीला तुटक्या ताण्याचा गुच्छ बांधलेला होता, प्रत्येक धाग्याला सांधणीची गाठ मारून. संपफोडीला हीच शिक्षा. तुझ्या दारावर बांधला होता तो आठवतो का? तुझ्या म्हणजे आपल्या दारावर. मी तो चुलीत टाकला होता.

आज गिरणी बंद, तर बीने आली. मागच्या दारानं. खसखशीच्या लाडवांचं भांडं शालीखाली, जसं काही मी आजारीच आहे. टेबलाशी बसली, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे मला नीट दिसावं म्हणून. माझा उजवा कान गेलाय आणि डावा जायच्या वाटेवर आहे, हे तिला माहीत आहे.

म्हणाली, "मीने, माझ्या तोंडाकडे बघ. मी गेले नव्हते. माझ्या ऑस्वाल्डच्या गळ्याची शपथ."

मी म्हटलं, "मला माहीत आहे गं."

"तुला कसं माहीत?"

बघ आता. मी काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, "तुझ्या चेहऱ्यावरून कळतं."

तर ती रडायला लागली. म्हणाली, "दहा दिवसांत असं म्हणणारी तू पहिली." आणि माझा हात धरला, सेल्मा, जोरात. मला तो हात नको झाला होता. मग म्हणाली, "तू तिची बहीण आहेस. तिला लिही ना. तिला विचार, मी तिचं काय वाकडं केलं होतं? तिच्या तोंडावर सगळे थुंकले तेव्हा मी थुंकले नव्हते. मी तेवढी एकटीच असेन."

खरं आहे ते. मी त्या वेळी संपकऱ्यांच्या सार्वजनिक चुलीपाशी डाव धरून उभी होते. मी पण थुंकले नव्हते, पण ते वेगळं.

ऑस्वाल्ड आता खोकत असतो. संप फुटल्यावर त्याला गिरणीनं परत घेतलं नाही, तो कोळशाच्या खाणीत गेला, पाच वर्षांनी असा परत आला. आणि ज्या संपानं बीनेचं घर बुडवलं तो बीनेनंच फोडला म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी! लोकांना अक्कल नाही ती नाहीच. मी झेलिगरला सांगून बघितलं, "अरे, तिनं आपल्याच नवऱ्याच्या पोटावर पाय दिला असेल का? जरा डोकं चालव." तर तो काय म्हणाला असेल? "मीने, तुझं मन फार मोठं आहे. तुझ्या सख्ख्या बहिणीवर हिच्यामुळे आळ आला, तरी तू हिची बाजू घेतेस!"

आता माझं मन मोठं झालंय. कपाळ माझं!

सेल्मा, तुझ्याशी कधी गोड बोलले नाही म्हणून तू आत्ता सूड उगवते आहेस का? उगव. पण तो बीनेवर का? चार ओळी लिही. चारच. मी इथून शाई-कागद पाठवू का?

मीने

ता. क. लाडू चांगले झाले होते. मला एकही गेला नाही.


ओबरग्रुंड, शुक्रवार, २५ नोव्हेंबर

सेल्मा,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड! पोस्टमनच्या बायकोनं वाचलं असणारच, नशीब माझं की तू नाव घातलं नाहीस. "मी बीने म्हटलं नव्हतं. काय म्हटलं ते तुला माहीत आहे. मला वाटलं, सिनेमा मुका असतो. संघटनेला मी काही लिहिणार नाही. काय लिहायचं ते तू लिही."

मुका! अगं बये, तू कोणत्या गावची? आईनं आयुष्यात आपल्याला आवाजानं कधी हाक मारली होती का? खोलीच्या त्या कोपऱ्यातून नुसते ओठ हलवायची आणि आपण उठून पळायचो. तुला वाटलं मुका असतो!

आणि सात वर्षं गप्प बसून कॅमेऱ्यापुढे बोलायची ही कुठली रीत? बोलायचं होतं तर त्या दिवशी बोलायचं. फाटकाशी तुला धरलं, शालीला सुताचं तूस लागलेलं, आणि ओढत चुलीपाशी आणलं. झेलिगर म्हणाला, "तू आत काय करत होतीस?" तू माझ्याकडे बघितलंस. तू एवढंच म्हणायचंस, "मी आत बहिणीला बाहेर काढायला गेले होते." संपलं असतं. पण नाही, महाराणी गप्प! माझ्याकडे बघत राहिल्या! मी डावाकडे बघितलं. कांजीला उकळी येत होती, ढवळायला हवी होती.

बघ, तू लिहायला लावलंस शेवटी. मग पूर्णच लिहिते. हे पत्र तू जाळ किंवा चौकटीत लाव.

संपाचा नववा आठवडा होता. मुकादम आपल्या घरी आला आणि आईच्या खाटेपाशी टोपी न काढता उभा राहिला. म्हणाला, "घर गिरणीचं आहे. सोमवारी रिकामं करा." बाहेर गुडघाभर बर्फ, आईला कूस बदलता येत नव्हती. मग त्यानं मला बाजूला घेतलं. बाहेरगावाहून माणसं आणलीयत म्हणाला, पण माग कसे चालणार? जुना ताणा संपलेला, नवा सांधायला कुणी नाही. या दरीत भराभर सांधणाऱ्या बायका तीन, त्यातली एक पुरे. "बारा माग सांध, घर तुझं." तू शेजारच्या खोलीत होतीस. तुला वाटलं मी नाही म्हटलं. मी मोठ्यानं नाही म्हटलं, आणि ओठांनी हो म्हटलं. त्याला कळलं, तोही गिरणीतलाच.

बारा माग, सेल्मा. दोन पहाटा. दुसऱ्या पहाटे तू शोधत आलीस. मी शेवटच्या मागावर होते. तू म्हणालीस, "चल घरी." मी म्हटलं, "ऐंशी धागे राहिलेत." तू पुढे गेलीस, मी ऐंशी धागे संपवून दुसऱ्या वाटेनं आले. म्हणून तू सापडलीस.

आठ दिवसांत संप फुटला. तो नाहीतरी फुटणारच होता. असं मी स्वतःला रोज सांगते. कधी पटतं, कधी नाही. घर राहिलं. आई याच घरात गेली, गादीवर, उबेत. तू कुठे आहेस असं ती शेवटपर्यंत विचारायची. मी सांगायचे, बर्लिनला चांगली नोकरी लागलीय. ती म्हणायची, "जाताना तोंड दाखवून नाही गेली." मी म्हणायचे, गाडीची घाई होती.

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? आईला बर्फात ठेवायची होती? तू फार शहाणी आहेस, सांग.

सांग म्हणजे काय, तू सांगणार नाहीस. परवा रविवारी सभा आहे. बीनेला संघटनेतून काढायचा ठराव. काढलं की मदतफंड बंद, म्हणजे ऑस्वाल्डचा डॉक्टर बंद. आणि ठराव वाचायचा कुणी? महिला शाखेच्या अध्यक्षीणबाईंनी. झेलिगरनं तो सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या हातात दिलाय. मी तो दिवसातून दहा वेळा बाहेर काढते आणि पुन्हा घडी घालते. मला तुझा इतका राग आलाय, अक्षर बघ कसं आलंय.

मीने


ओबरग्रुंड, गुरुवार, १ डिसेंबर

सेल्मा,

रविवारी काय झालं ते तुला इतर कुणी सांगण्याआधी मीच सांगते, कारण इतर कुणी धड सांगणार नाही.

हॉल तोच. टेबलावर नाताळाआधीच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली लावलेली. बीने पहिल्या रांगेत बसली होती, एकटी, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. तिनं चर्चचा झगा घातला होता. ऑस्वाल्ड आला नव्हता, खोकल्यानं सभेत अडथळा नको म्हणून.

मी उभी राहिले. कागदावर होतं: "संपाच्या नवव्या आठवड्यात मागच्या फाटकातून आत जाऊन ताणा सांधणारी याकोबीने हिला संघटनेतून काढण्यात येत आहे." तसं पाहिलं तर एकच शब्द बदलायचा होता. मी ठरवून आले होते. खरंच ठरवलं होतं.

आवाज फुटेना. आपल्याकडे त्याचं कुणाला काही नाही, ओठ हलले की पुरे. मी वाचायला सुरुवात केली. नावापाशी आले. आणि मी म्हटलं, "मीने."

नीट ऐक, मी काय केलं ते. पूर्ण नाव घ्यायला हवं होतं. याकोबीने आणि विल्हेल्मीने यांत आंधळ्याचाही घोटाळा झाला नसता. मी नुसतं मीने म्हटलं, आवाजाशिवाय. मला माहीत होतं ते काय वाचतील. म्हणजे मी खरं बोलले असंही झालं आणि कुणाला कळलं नाही असंही झालं! अशी तुझी बहीण. आपल्या पाद्रीबुवांनाही इतकी सफाई जमली नसती.

सगळ्यांनी मान डोलावली. झेलिगर म्हणाला, "अनुकूल कोण?" हात वर गेले. एकेक नाही, सगळे एकदम.

बीने माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या कानांना अजून थोडं ऐकू येतं, पण मी आवाजच काढला नव्हता ना. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मीने, तूसुद्धा? तू तर म्हणाली होतीस, तुला माहीत आहे."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी निभावून नेलं असतं, तशी मी निगरगट्ट आहे. पण तिनं ते विचारलं. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, आणि हात पुढे केला. मला वाटतं, पडू नये म्हणून टेबल धरायला.

मग मी कागद खाली ठेवला. हात अजून वरच होते, झेलिगर मोजत होता. मी म्हटलं, "थांबा. वाचण्यात चूक झाली." आणि मग पूर्ण नाव घेतलं. वि-ल्हे-ल्मी-ने. पहिल्या व ला खालचा ओठ दातांना लागतो, ते शेवटच्या रांगेतल्यालाही दिसतं. आवाजही निघाला बहुतेक, कारण मास्तर दारात उभे होते ते दचकले. "विल्हेल्मीने चिर्नर," मी म्हटलं. "मी. बारा माग. सेल्मा मला बाहेर काढायला आली होती. बीने घरी होती."

हात खाली यायला लागले. कुणाचा पटकन, कुणाचा सावकाश. काहींना कळलं तरी हात खाली घ्यायचं सुचेना. पाववालीचा तर सगळ्यात शेवटपर्यंत वर होता. तो तसाच ठेवला असता तरी चाललं असतं. मग झेलिगरनं पुन्हा विचारलं, नवं नाव घालून, आणि ते सगळे पुन्हा वर गेले. नियमाप्रमाणे झालं सगळं. झेलिगरनं विरुद्ध कोण हेही विचारलं. नंतर तो माझ्याकडे आला, तुझा पत्ता मागितला. तुला माफीचं पत्र लिहायचंय म्हणे. मीच तो लिहून दिला.

बीने निघून गेली. मला वाटलं होतं, निदान शिव्या देईल.

आता गिरणीतली गत ऐक. मला काढलेलं नाही, मुकादम बदललाय, नव्याला काम होण्याशी मतलब. कांड्या कुणी भिजवत नाही. दारावर गुच्छ नाही. एवढंच, की मी आले की सगळ्या पाठ करतात. तुला आठवतं ना ते काय असतं? एकशेचाळीस माग सुरू आहेत, आणि कुणाचंही तोंड दिसत नाही. एका दिवसात मी पूर्ण बहिरी झाले. काल माझ्या मागाचा पट्टा तुटून उडाला, समोरच्या मुलीनं नक्की ओरडून सांगितलं असणार, पण तिनं पाठ केली होती. पट्टा कानाजवळून गेला. बीनेचा माग माझ्या समोरच्याच रांगेत आहे. तीही पाठ करून उभी असते. तिचा हक्क आहे. तू बर्लिनला जायच्या आधी तुझं असं किती दिवस चाललं होतं? अकरा, ना? मी मोजले होते.

मी चिडून पत्र संपवणार होते. ही सगळी तुझ्या तोंडाची करणी, असं लिहायचं होतं. लिहिलंही होतं, मग खोडलं. खोडलेलं वर दिसेल.

नाताळाला गिरणीला तीन दिवस सुट्टी आहे. घर आहे तेच, आईची खोली रिकामी आहे, आणि ते घर कसं राहिलं हे आता सगळ्या गावाला ठाऊक झालंय, तेव्हा तुझ्या येण्यानं नवं काही कळायचं नाही. तू आलीस तर बोललीच पाहिजेस असं नाही. शिव्या दे, थुंक हवं तर, सात वर्षांचं एकदम दे. फक्त तोंड माझ्याकडे ठेवून दे.

मीने